खिंडीतली अखंड आगटी

फार जुन्या काळी घडलेली ही गोष्ट आहे. लहानांनी ती ऐकावी, आणि थोरांनी तर जरूर ऐकावी, कारण तिच्यातली चूक थोरांचीच होती.

दोन राज्यांच्या मध्ये एक उंच डोंगर होता. पलीकडे जायला एकच खिंड होती आणि हिवाळ्याचे चार महिने ती बर्फाने भरून जाई. तरी माणसे जात-येत असत. कुणाची लेक पलीकडे दिलेली असे, कुणाला मीठ आणायचे असे. त्यांतली कितीतरी वाटेतच गारठून मरत. म्हणून कुणा पुण्यवंताने खिंडीच्या माथ्यावर एक धर्मशाळा बांधली. दगडी भिंती, लाकडी छप्पर, मधोमध मोठी आगटी आणि तिचा धूर बाहेर नेणारे दगडी धुराडे.

हैबती तिथला राखणदार होता. तो आणि त्याची बायको तुळजा, दोघेही मनाने चांगले. वादळ सुटले की हैबती दारात उभा राहून शिंग फुंकत असे. वाट चुकलेला माणूस त्या आवाजाच्या रोखाने चालत येई. आत आला की तुळजा त्याचे पाय चोळी आणि त्याच्या हाती गरम कढणाची वाटी देई.

हिवाळ्यात दर महिन्याला खालच्या गावातून राही नावाची म्हातारी वर येई. धुराडी झाडणे हा तिचा धंदा. ती यायच्या दिवशी पहाटेच आगटी विझवावी लागे. दगड निवले की राही छपरावर चढे, दोराला धोंडा आणि काटेरी फांद्यांची जुडी बांधून धुराड्यात सोडे आणि वरखाली ओढी. टोपल्या भरभरून काजळी निघे. तो एक दिवस सगळे घोंगड्या पांघरून कुडकुडत बसत, थंड भाकरी खात आणि राहीच्या नावाने बोटे मोडत. संध्याकाळी आगटी पुन्हा पेटे, धूर सरळ वर जाई आणि सगळे राग विसरून जात.

एका मार्गशीर्षात खुद्द राजा त्या खिंडीत अडकला. दोन दिवस तो आगटीजवळ बसून राहिला. निघताना त्याने हैबतीच्या खांद्यावर हात ठेवला.

“या आगीनं आम्हाला वाचवलं,” राजा म्हणाला. “हिला कधी विझू देऊ नकोस.”

एवढे बोलून राजा गेला. पण त्याचे शब्द डोंगराच्या दोन्ही बाजूंना पसरले. लोक आता तिला अखंड आगटी म्हणू लागले. तिला हळदकुंकू वाहू लागले, तिची राख पुडीत बांधून घरी नेऊ लागले. जाताना हैबतीच्या पाया पडू लागले. आजवर त्याच्या कुणी पाया पडले नव्हते.

पौष लागला आणि राही आपला दोर खांद्यावर टाकून वर आली. आगटी धडधडत होती.

“हैबती, आग विझवली नाहीस?”

“आजी, आता ही विझायची नाही. राजाची आज्ञा आहे.”

“अरे, राजाला धुराडं काय ठाऊक! त्याच्या राजवाड्यातली धुराडी कोण झाडतं, हेही त्यानं कधी बघितलं नसेल. एक दिवस विझव. मी भराभरा आटोपते.”

“बारा गावची माणसं हिला नमस्कार करायला येतात. त्यांना काय सांगू? देवी आज विझलीय म्हणून?”

“सांग की. खरं तेच सांग.”

हैबतीने नकाराची मान हलवली. तुळजा मध्ये पडली. “अहो, आजी चाळीस वर्षं हे काम करतेय. ती उगीच बोलेल का?”

“तू गप्प बस,” हैबती म्हणाला. तो तुळजेशी असे कधी बोलला नव्हता.

राहीने खांद्यावरचा दोर सावरला. मग म्हणाली, “मग निदान एवढं कर. जाळ लहान ठेव. ओली लाकडं घालू नकोस. ओल्या लाकडाची काजळी डांबरासारखी चिकटते, आणि एकदा का ती पेटली, तर माणसाच्या हातात काही राहत नाही.”

पण लहान जाळाला नमस्कार करायला कोण येणार? हैबतीने जाळ मोठाच ठेवला. सुकी लाकडे संपली, तेव्हा त्याने राळेने चिकचिकणारी ओली लाकडे तोडून आणली.

हळूहळू धूर खोलीत कोंडू लागला. माणसे खोकू लागली. काजळीचे खपले कढणाच्या पातेल्यात पडू लागले. हैबती म्हणे, “हा देवीचा प्रसाद आहे.” आणि नवल असे, की लोक तो प्रसाद म्हणून कपाळाला लावत.

माघात राही पुन्हा आली. या वेळी हैबतीने तिला दारातूनच परत पाठवले. त्याच दुपारी तुळजेने पाण्याचा हंडा उचलला आणि ती आगटीकडे निघाली. हैबतीने तिचे मनगट धरले. तिने आजूबाजूच्या वाटसरूंकडे पाहिले. कुणीतरी आपल्या बाजूने बोलेल असे तिला वाटले. पण एक व्यापारी म्हणाला, “बाई, अपशकुन करू नका.” आणि दुसरा म्हणाला, “बाहेर किती गारठा आहे!” तुळजेने हंडा खाली ठेवला.

चार दिवसांनी भर दुपारी हिमवादळ सुटले. धर्मशाळेत एकोणीस वाटसरू होते, तो व्यापारीही अजून तिथेच मुक्कामाला होता. सगळे काकडत होते. हैबतीने आगटीत ओंडक्यावर ओंडका रचला.

आधी धुराड्यातून घुमल्यासारखा आवाज आला. मग तो वाढत गेला. पुराचे पाणी अरुंद घळीतून धावावे, तसा तो आवाज होता. भिंती थरथरू लागल्या. आतली काजळी पेटली होती. धुराड्याच्या तोंडातून ज्वाळा बाहेर पडल्या, दगड तडकले आणि जाळ छपराच्या वाशांना लागला. हैबतीने बर्फाच्या टोपल्या आत फेकल्या. त्याचा काहीएक उपयोग झाला नाही. घटकाभरात छप्पर खाली आले.

सगळी माणसे जिवंत बाहेर पडली. पण बाहेर वादळ होते, आणि गाव दोन कोस खाली होते. अर्ध्या जणांच्या घोंगड्या आतच जळाल्या होत्या. हैबतीने शिंग शोधले, तेही आतच राहिले होते. तुळजेने एकीचे लेकरू पोटाशी बांधले आणि सगळ्यांना हाती लागलेल्या एका दोराला धरून चालायला लावले. हैबती मागे राहून पडणाऱ्यांना उठवत होता. काही जण उठले. काही उठले नाहीत.

वादळ जरासे उघडले, तेव्हा गावातून राहीने खिंडीवरचा धूर पाहिला. तो कसला, हे तिला सांगावे लागले नाही. ती माणसे घेऊन वर निघाली. निम्म्या वाटेत तिला अकरा वाटसरू, तुळजा आणि हैबती भेटले. आठ जण बर्फात राहिले होते. त्यांत तो व्यापारी होता, लेकराची आई होती आणि सोळा वर्षांची एक नवी नवरी होती.

 राहीने आपली घोंगडी हैबतीच्या अंगावर टाकली आणि ती पुढे गेली.

बर्फ ओसरल्यावर राजाने हैबतीला दरबारात बोलावले.

“धुराडं का झाडू दिलं नाहीस?”

“महाराज, आपणच म्हणाला होतात, हिला कधी विझू देऊ नकोस.”

 राजा प्रधानाकडे वळून म्हणाला, “मी असं म्हणालो होतो?”

प्रधानालाही आठवत नव्हते.

राजाने हैबतीला शिक्षा दिली नाही. नवी धर्मशाळा बांधायचा हुकूम दिला आणि तिची राखण तुळजेकडे सोपवली. हैबती तिथे राहिला नाही. तो मेलेल्या आठ जणांची घरे शोधत निघाला. प्रत्येक दारात उभा राहून तो मेलेल्या माणसाचे नाव सांगे आणि मान खाली घाली. कुणी त्याला मारले. कुणी रडले. कुणी पाणी दिले.

शेवटचे घर त्या नव्या नवरीच्या माहेरचे होते. तिची आई अंगणात धान्य पाखडत होती. सगळे ऐकून तिने सूप खाली ठेवले.

“माझी पोर कशानं गेली?” तिने विचारले. “आगीनं, की थंडीनं?”

“माझ्या हट्टानं, आई,” हैबती म्हणाला.

 ती उठली, आत गेली आणि तिने दार लावून घेतले. हैबती अंधार पडेपर्यंत अंगणात उभा होता. दार उघडले नाही.

बोध: ज्याच्या भरवशावर माणसे जगतात, त्याची आधी निगा राखावी, पूजा मागाहून करावी.