माळ्यावरचा मोघा

एका गावात शिदोजी नावाचा एक शेतकरी होता, भारी टापटिपीचा. त्याची आई होती तोवर पेरणीला पाभरीमागे मोघा बांधला जाई. मोघा म्हणजे बी सोडायची जादा नळी. आई मागून चालत ज्वारीच्या ओळींमध्ये चवळी सोडायची. आई गेली आणि शिदोजीने मोघा माळ्यावर टाकला. ज्वारीच्या पायात वेलांचा गबाळेपणा त्याला बघवत नसे.

बांधापलीकडे त्याच्या थोरल्या वहिनीचं, गजराबाईचं शेत. तिने काही मोघा सोडला नाही. शिदोजी तिला चिडवायचा, "वहिनी, हे शेत आहे की वेणी न घातलेलं डोकं?" ती नुसती हसायची.

दोन वर्षं निभावली. तिसऱ्या वर्षी पाऊस चांगला झाला, तरी शिदोजीच्या ज्वारीने माना टाकल्या. बुडाशी बघतो तर नाजूक पांढरी फुलं. टारफुला! हे तण ज्वारीच्या मुळालाच चिकटून रस पितं. शिदोजीने उपटून उपटून बोटं सोलून घेतली, पण वर दिसेपर्यंत खाली घात झालेला असतो. घरात खाणारी पाच तोंडं आणि कणगीचा तळ दिसू लागलेला. आणखी एक साल असं गेलं तर गाव सोडायची पाळी.

वहिनीची ज्वारी मात्र हिरवीगार. शिदोजी तीन दिवस बांधापर्यंत जाऊन परत फिरला. कोणत्या तोंडाने विचारणार? चौथ्या दिवशी त्याने मान खाली घालून बांध ओलांडला.

गजराबाईने टोमणा मारला नाही. म्हणाली, "भावजी, टारफुल्याचं बी मुळाची चाहूल लागली की जागं होतं. ज्वारीला चिकटलं तर जगतं. चवळीच्या चाहुलीनेही जागं होतं, पण तिथे त्याची डाळ शिजत नाही. उपाशी मरतं बिचारं." आणि तिने ओटीभर चवळी त्याच्या उपरण्यात ओतली.

पुढच्या पेरणीला माळ्यावरचा मोघा खाली आला. टारफुला उगवला, पण मोजकाच, हाताने उपटण्याजोगा. कणसं भरली तेव्हा शिदोजी बांधावर मटकन बसला आणि केवढा तरी मोठा श्वास सोडला. पोरं यंदा घरचीच भाकरी खाणार होती.

गजराबाई पलीकडून म्हणाली, "काय भावजी, वेणी कधी घालायची?"

"राहू द्या वहिनी," शिदोजी डोळे पुसत हसला, "मोकळे केसच बरे."

तात्पर्य: एखाद्या सोबतीला अडगळ म्हणून काढून टाकण्याआधी, ती आजवर काय राखत होती ते विचारून घ्यावं.