हरण्यात पहिला

कडं एक आणि मनगटं तीन! आंबेगडचे राजे मानाजीराव महिनाभर याच घोरात होते. राज्यातल्या सर्वांत मोठ्या गड्यासाठी त्यांनी दहा तोळ्यांचं कडं घडवून घेतलं होतं, आणि गडी निघाले तीन. रानबा पैलवानाची पाठ बारा वर्षांत मातीला लागली नव्हती. राजांचे निरोप घेऊन पळणाऱ्या लखू जासुदाच्या मागे घोडासुद्धा धापा टाकायचा. आणि महादू कोळी भर पुरात नदी अशी ओलांडायचा की डोक्यावरचं मुंडासं भिजत नसे.

आता कुस्ती आणि धावणं एका तराजूत घालायचं कसं? प्रधानांनी तोड काढली की तिघांनी एकमेकांचे खेळ खेळावेत. रानबा शर्यतीच्या पहिल्याच वळणावर बसला तो उठेना. लखूला आखाड्यात उतरवलं, तर तो दिवसभर रानबाभोवती नुसता पळत राहिला. महादूनं हे दोन्ही पाहिलं आणि आपल्याला सर्दी झाल्याचा निरोप धाडला.

ही सगळी गंमत सटवाजीनं डोळे भरून पाहिली होती. सटवाजी राजांचा हुजऱ्या. सकाळी पानाचा डबा पुढे करायचा आणि दुपारी राजांशी बुद्धिबळाचा डाव मांडायचा, एवढंच त्याचं काम. अठरा वर्षं तो रोज खेळला आणि रोज हरला. गावात कुणाचा बैल शर्यतीत मागे पडला, तरी लोक म्हणत, "याचा सटवाजी झाला." सटवाजीही त्यांच्याबरोबर हसे. ज्याचं पोट त्याच्याआधी दरबारात शिरतं, त्यानं तोरा मिरवायचा तरी कसला?

त्या दुपारी राजे पटावर बसून प्रधानांच्या नावानं बोटं मोडत होते. सटवाजीला आखाड्यात पळणारा लखू आठवला आणि फिस्सकन हसू फुटलं.

"हसलास? मग तूच सांग," राजे कडाडले. "उद्या भर दरबारात एकच नाव. तिघेही थोर, असलं गुळमुळीत मला चालायचं नाही. आणि ते नाव तिघांनाही पटलं पाहिजे. नाही पटलं, तर तू आणि रानबा, आखाड्यात!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सटवाजी घरी आला तो बरगड्या चाचपतच. बायको गोजरानं सगळं ऐकून घेतलं. एकाचं नाव घेतलं तर दोघे चिडणार, आणि कुणाचंच नाही घेतलं तर राजे चिडणार. ताटात भाकरी वाढताना तिचा जीव वरखाली होत होता आणि त्यामुळे तोंड जास्तच चाललं होतं.

"अहो, एवढ्या जन्मात तुम्हाला हरण्यापलीकडे आलं तरी काय?"

सटवाजीचा घास हातातच राहिला. मग त्यानं आणखी एक भाकरी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी दरबार गच्च भरला. सटवाजीनं मुजरा केला आणि म्हणाला, पैलवानाला जासुदाशी तोलूच नये. ज्याला त्याला त्याच्याच खेळातल्या दुसऱ्याशी तोलावं. दुसरा जितका मागे, तितका पहिला मोठा. हे तिघांनाही पटलं. मग त्यानं एकेकाला विचारलं. रानबानं कबूल केलं की गेल्या जत्रेत एका गड्यानं त्याला दोन घटका झुंजवलं होतं. लखूच्या पाठोपाठ येणारा फार तर एक तांब्या पाणी पिण्याइतका मागे असे. महादू तर तापातून उठला त्या वर्षी धाकट्या भावाकडूनच हरला होता.

"पण महाराज, या राज्यात एक खेळ असा आहे की अठरा वर्षांत दुसऱ्याला एकदाही पहिला होता आलेलं नाही."

राजांचा हात मिशीवर गेला. "बुद्धिबळ! म्हणजे मीच की रे!" आणि तो हात हळूच कड्याकडे वळला.

"नाही महाराज. तो खेळ हरण्याचा. त्यात मी पहिला, आपण दुसरे."

राजे लालबुंद झाले. अठरा वर्षं हा मुद्दाम हरत होता? पुरावा काय? सटवाजीनं शांतपणे पट मांडला. "आपणही आज हरायला खेळा महाराज. जो हरेल तो मोठा."

राजे इरेला पेटले. त्यांनी हत्ती पुढे ढकलला, उंट पुढे ढकलला, वजीरसुद्धा घे म्हणून समोर ठेवला. सटवाजीनं वजिराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उलट आपलाच राजा त्यानं कोपऱ्यात नेऊन बसवला, एकेक वाट स्वतःच बुजवली आणि राजांचीही सगळी मोहरी अडवून धरली. शेवटी राजांना एकच चाल उरली. राजांनी पट वरून पाहिला, खालून पाहिला, प्रधानांकडेही पाहिलं. मग चडफडत ती चाल केली आणि सटवाजीचा राजा मेला.

सटवाजीनं हात जोडले आणि अठरा वर्षं रोज म्हणत आला होता तेच म्हणाला, "जिंकलात महाराज!"

पहिला हसला रानबा. मग लखू, मग महादू. हरण्यात पहिला आलेल्याचा हेवा करायचा तरी कसा? तिघांनीही हेच नाव पटल्याचं सांगितलं. राजे मात्र पटाकडेच बघत होते.

"इतकी वर्षं का हरलास रे?"

सटवाजीला क्षणभर खरंच भीती वाटली, पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "महाराज, आपण जिंकल्यावर कसे दिसता ते मला रोज दिसत होतं. हरल्यावर कसे दिसाल, ते बघायची छाती झाली नाही."

राजांच्या मिशा थरथरल्या, आणि मग ते असे खदखदून हसले की पटावरची उरलीसुरली प्यादी लोळली. त्यांनी स्वतःच्या हातानं सटवाजीला कडं घातलं. पैलवानाच्या मापाचं ते, सरकत थेट कोपराच्या वर जाऊन बसलं.

"उद्यापासून मात्र खरं खेळायचं!"

"खेळतो महाराज," सटवाजी कडं सावरत म्हणाला. "पण एखादा महिना सांभाळून घ्या. जिंकायची अजिबात सवय राहिलेली नाही."