चिंगीची टिमकी

एक होतं मैदान. मैदानाला होतं भोक. भोकात राहायची चिंगी.

चिंगी म्हणजे चिचुंद्री. लांब नाक. बारीक डोळे. इवलीशी शेपटी.

चिचुंद्रीला वास येतो म्हणतात. येतो. मग?

वर्षातून एकदा त्या मैदानावर आशियाची जत्रा भरायची. गावातले सगळे यायचे. कुणी मूळचं जपानचं, कुणी चीनचं, कुणी नेपाळचं, कुणी इथलंच. आपापला खाऊ आणायचे. आपापली वाद्यं आणायचे. शेवटी निघायची मिरवणूक. मिरवणुकीची रीत एकच. सगळ्यात लहान वाद्य सगळ्यात पुढे.

यंदा चिंगीने टिमकी केली. बाटलीच्या झाकणाची. टिक टिक वाजायची. तिला लाल रंग दिला. वाळायला खुर्चीवर ठेवली.

तेवढ्यात आले आप्पा. बसले. धप्प.

आप्पा जत्रेचे अध्यक्ष. अध्यक्षांचं काम एकच. बसायचं. टिमकी गेली त्यांच्याखाली. आप्पांना कळलंसुद्धा नाही.

चिंगी आली तुरुतुरु तुरुतुरु.

"आप्पा, आप्पा, उठा ना. माझी टिमकी मिळेना."

आप्पांनी नाक धरलं. "शी, वास येतो. लांबून बोल."

चिंगी लांबून बोलली.

"आधी मी? मुळीच नाही. आधी पाहुणे उतरू देत. मगच मी उठेन."

चिंगी निघाली तुरुतुरु तुरुतुरु.

फाटकापाशी गाडी. गाडीत पाहुणे. गार हवा खात बसलेले.

"पाहुणे, पाहुणे, उतरा ना. आप्पा उठेनात. माझी टिमकी मिळेना."

पाहुण्यांनी नाक धरलं. काच बंद होती. तरी धरलं.

"आधी मी? मुळीच नाही. आधी ड्रॅगन नाचू दे. मगच मी उतरेन."

चिंगी निघाली तुरुतुरु तुरुतुरु.

झाडाखाली चीनचा ड्रॅगन. कागदाचा. लांबच लांब. पोटाखाली आठ पाय. आठही पाय पसरून बसलेला.

"ड्रॅगन, ड्रॅगन, नाच ना. पाहुणे उतरेनात. आप्पा उठेनात. माझी टिमकी मिळेना."

ड्रॅगनचं नाक केवढं तरी. चौघांनी मिळून धरलं.

"आधी मी? मुळीच नाही. आधी ढोल वाजू दे. मगच मी नाचेन."

चिंगी निघाली तुरुतुरु तुरुतुरु.

मांडवात जपानची मिदोरी मावशी. तिच्यापुढे ढोल. मावशीपेक्षा मोठा.

"मावशी, मावशी, वाजव ना. ड्रॅगन नाचेना. पाहुणे उतरेनात. आप्पा उठेनात. माझी टिमकी मिळेना."

मावशीने ढोलाच्या काठ्या खाली ठेवल्या. मग नाक धरलं.

"आधी मी? मुळीच नाही. पोटात कावळे ओरडतायत. आधी दाजू मोमो वाढू दे. मगच मी वाजवेन."

चिंगी निघाली तुरुतुरु तुरुतुरु.

कोपऱ्यात नेपाळचा दाजू. नेपाळमध्ये दादाला दाजू म्हणतात. दाजूपुढे भलं मोठं पातेलं. पातेल्यात मोमो. झाकण गच्च.

"दाजू, दाजू, वाढ ना. मावशी वाजवेना. ड्रॅगन नाचेना. पाहुणे उतरेनात. आप्पा उठेनात. माझी टिमकी मिळेना."

दाजूने नाक धरलं. पातेल्याचं झाकणही धरलं.

"आधी मी? मुळीच नाही. मागच्या वर्षी माझं नावच घेतलं नाही. आधी काका माईकवर नाव घेऊ देत. मगच मी वाढेन."

चिंगी निघाली तुरुतुरु तुरुतुरु.

मंचावर माईकवाले काका. सकाळपासून त्यांचं एकच. हॅलो, हॅलो, चेक. हॅलो, हॅलो, चेक.

"काका, काका, नाव घ्या ना. दाजू वाढेना. मावशी वाजवेना. ड्रॅगन नाचेना. पाहुणे उतरेनात. आप्पा उठेनात. माझी टिमकी मिळेना."

काकांनी नाक धरलं. माईकवर आवाज आला, "आधी बी? बुळीच डाही. आधी आप्पा उठून दिवा लावू देत. बगच बी बोलेन."

आप्पा?

चिंगीने पायाची बोटं मोजली. आप्पांना हवेत पाहुणे. पाहुण्यांना हवा ड्रॅगन. ड्रॅगनला हवी मावशी. मावशीला हवा दाजू. दाजूला हवेत काका. आणि काकांना हवेत आप्पा.

सगळं गोल. जिलबीसारखं.

एवढी मोठी माणसं. एवढे मोठे पाय. आणि एक कुणी हलेना.

चिंगी रडली का? नाही. चिंगीला आला राग. आणि चिचुंद्रीला राग आला की काय येतं?

हं. तेच.

चिंगी निघाली तुरुतुरु तुरुतुरु. गेली थेट आप्पांच्या खुर्चीखाली. खुर्ची होती वेताची. खाली भोकंच भोकं. चिंगी वळली. शेपटी वर केली.

फुस्स.

आप्पांचं नाक हललं. हुं? हुं हुं?

"अगं आई गं." आप्पा उठले. ताडकन.

सगळे आप्पांकडे बघायला लागले.

"मी नाही," आप्पा म्हणाले.

सगळे बघतच राहिले.

"अरे, मी नाही केलं."

सगळ्यांनी नाक धरलं. चिंगीकडे बघून नाही. आप्पांकडे बघून. आप्पा लाजले. दिवा लावायचं निमित्त करून मंचाकडे पळाले. लेंगा पांढरा, मागे लाल गोल.

मिदोरी मावशी म्हणाली, "अगंबाई, आमचा झेंडा तिथे कुणी लावला?"

मग काय झालं?

आप्पा उठले, दिवा लावला.
काकांनी नाव घेतलं, "दिलकुमार दाजूऽऽ."
दाजूने झाकण उघडलं, भस्स.
मावशीने मोमो खाल्ले, गपागप. ढोल वाजवला, धुम्म धुम्म.
ड्रॅगन नाचला, सळसळ सळसळ.
पाहुणे उतरले, खाट्‌कन.

पाहुणे थेट खुर्चीकडे गेले. हुंगलं. आणि उभेच राहिले.

खुर्चीवर होती टिमकी. थोडी चपटी. चिंगीने घेतली, वाजवली. टिक टिक. वाजते की.

मिरवणूक निघाली. मागे ढोल, त्याच्यापुढे ड्रॅगनच्या झांजा, त्यांच्यापुढे घुंगरं. सगळ्यात पुढे कोण?

आप्पा येऊन उभे राहिले. हातात काही नाही. वाद्य नाही, खुळखुळासुद्धा नाही.

"आधी अध्यक्ष," आप्पा म्हणाले.

चिंगी नुसती वळली. शेपटी जराशी वर केली.

आप्पा दोन पावलं मागे गेले. मग आणखी दोन.

"आधी तू, बाई," आप्पा म्हणाले. "मगच मी."

टिक टिक, टिक टिक.
मागून धुम्म धुम्म.

मैदानाला एक फेरी झाली, दोन झाल्या. गोष्ट इथे थांबली.

खुर्ची मात्र अजून रिकामी आहे. बसतोस?