मागच्या पंगतीची राख

एकदा एका औष्णिक वीजकेंद्राला खेटून वसलेल्या गावात एक वृद्ध अभियंता राहत होते. चाळीस वर्षे त्यांनी पूल बांधले, आणि निवृत्तीनंतर गावातल्या मुलामुलींना ते विनामूल्य शिकवू लागले. गाव त्यांना दादाजी म्हणे. त्यांची शिष्या प्रणोती त्याच गावची लेक. स्थापत्याची पदवी घेऊन ती नुकतीच परतली होती.

या गावावर बारा महिने वीजकेंद्राची राख पडे. वाळत घातलेल्या कुरडया करड्या होत, आणि सोयरिकीला आलेले पाहुणे अंगण बघूनच नाक मुरडत. म्हणून नाल्यावर पूल बांधायचे ठरले तेव्हा प्रणोतीने हट्ट धरला, की एक तृतीयांश सिमेंट कमी करून त्या जागी हीच राख घालायची. ग्रामसभेत हशा पिकला. दादाजींनी मात्र तिचे गणित दोनदा तपासले आणि होकार दिला. पूल गावाला हवाच होता. पावसाळ्यात पलीकडची वस्ती तुटे, आणि दोन वर्षांपूर्वी एक बाळंतीण नाल्याच्या काठावरच गेली होती.

पुलाचा स्लॅब ओतून झाला. चाचणीसाठी त्याच मालाचे ठोकळे पाण्यात ठेवले होते. सातव्या दिवशी त्यातले तीन जिल्ह्याच्या तंत्रनिकेतनात यंत्राखाली दाबून फोडले. सोळाची ताकद अपेक्षित होती. आली तेरा.

बातमी प्रणोतीच्या आधी गावात पोचली. सिमेंटचा व्यापारी तर वाटच बघत होता. "बाई, राखेनं भांडी घासतेत. पूल नाही बांधत!" सरपंचबाईंचा जीव कासावीस झाला. "पोरी, तुझ्यावर राग नाही. पण लोकायच्या जिवाचा प्रश्न हाय. स्लॅब फोडा लागते." प्रणोतीने मान खाली घालून ते मान्य केले. मिस्त्रीने तर रिवाजाप्रमाणे सात दिवस होताच स्लॅबवर पाणी मारणे थांबवलेच होते.

दादाजी एवढेच म्हणाले, "अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत घण उचलू नका. खालचे टेकूही काढू नका." त्यांच्या शब्दाला मान होता, म्हणून गाव थांबले. कुरकुरत थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे तर ऐंशीच्या घरातले दादाजी बादली घेऊन त्या स्लॅबवर उभे! गोणपाटे अंथरून ती भिजवत होते. व्यापारी काठावरून ओरडला, "दादाजी, कोथिंबीर लावली काय?" दादाजींनी त्याला हसून हात केला आणि दुसरी बादली भरायला गेले.

असे तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी प्रणोतीला राहवेना. "दादाजी, जे फोडायचंच आहे त्याला पाणी कशाला? माझ्या चुकीपायी तुम्ही लोकांचं हसू ओढवून घेता, ते बघवत नाही मला."

दादाजी गोणपाटावर टेकले. म्हणाले, "लग्नात पहिली पंगत उठल्यावर पत्रावळी मोजून 'वऱ्हाड कमीच आलं' असं कुणी म्हणतं का? सिमेंट पहिल्या पंगतीचं. पाणी मिळालं की लगेच आवळतं, आणि आवळताना थोडा चुना मागे टाकतं. तो चुना त्याच्या कामाचा नसतो. राखेचं पान तिथे वाढलेलं असतं, पोरी. ती त्या उरलेल्या चुन्यावर बसते आणि हळूहळू त्याचाच दगड करते. सिमेंटनं सोडलेली बारीक भोकं तीच बुजवते. पण तोवर ओल हवी. मिस्त्रीनं पाणी बंद केलं म्हणजे मागची पंगत बसायच्या आत चूल विझवली. तुझं गणित बरोबर होतं. निकाल वाचायची घाई झाली, एवढंच."

प्रणोतीने पदर खोचला आणि बादली उचलली. आठवडाभरात सरपंचबाईही घागर घेऊन आल्या, आणि त्यांच्यामागून पलीकडच्या वस्तीतल्या बाया.

अठ्ठाविसाव्या दिवशी पुढचे तीन ठोकळे यंत्राखाली गेले. पंचवीसची ताकद हवी होती. काटा पंचवीसवर थांबला नाही. सव्वीस झाले, सत्तावीस झाले, आणि मग कुठे पहिला ठोकळा कडाडला. बाकीचे दोन्ही ठोकळेही त्याच्या मागे राहिले नाहीत. तंत्रनिकेतनाच्या प्राध्यापकांनी चष्मा पुसून पुन्हा आकडा पाहिला आणि विचारले, "माल कुणाचा?"

प्रणोती ताठ उभी राहिली. "आमच्या गावचा," ती म्हणाली.

टेकू निघाले. खडीने भरलेला ट्रॅक्टर पुलावरून पलीकडे गेला तेव्हा दोन्ही काठ माणसांनी भरले होते. दादाजींच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते त्यांनी लपवले नाही. शेजारच्या माणसाला ते पुन्हा पुन्हा सांगत होते, "माझी विद्यार्थिनी आहे ती." व्यापारीही आला होता. जरा घुटमळून त्याने प्रणोतीला विचारले, "पोरी, माझ्या नव्या गोदामाला किती राख चालन?"

ही गोष्ट सांगणारा मी स्वतः तीस वर्षे शिक्षक म्हणून वर्गात उभा राहिलो. सावकाश शिकणाऱ्या किती मुलांना मी सातव्या दिवशीच फोडून पाहिले असेल!