होल्टविकचं बेवारस कुरण

समोर दिसतंय ते पाच एकरांचं कुरण. अलीकडचं काटेरी कुंपण आमच्या होल्टविकचं, पलीकडचा ओढा डॅमर्बीचा, आणि मधलं गवत कोणाचंच नाही. सव्वादोनशे वर्षांत त्याला उघडपणे कोणी विळा लावलेला नाही. तुमच्यासारखे पाहुणे गाडी थांबवून फुलांचे फोटो काढतात आणि म्हणतात, किती सुंदर राखलंय. राखलेलं कोणीच नाही. मी इथल्या चर्चची झाडलोट चाळीस वर्षं केली, म्हणून ही गोष्ट मला सांगावी लागते.

पूर्वी याच गवतावरून दोन्ही गावं एकमेकांच्या उरावर बसत, असं सांगतात. दर वसंतात हद्दफेरी निघे. पुढे पाद्रीबाबा, मागे सगळा गाव, हातात विलोच्या झाडाच्या लवचिक छड्या. आमचे लोक ओढ्यापर्यंत जाऊन दगडांवर छड्या मारत, की आमची हद्द इथवर. डॅमर्बीचे लोक कुंपणापर्यंत येऊन तेच करत. एका वर्षी आमच्या लोहाराचे दोन दात त्यात गेले म्हणे, आणि ते त्याने मोठ्या अभिमानाने जपून ठेवले होते.

मग एका नोव्हेंबरात, सकाळच्या वेळी, एक बाई होल्टविकमध्ये आली. कुठल्याशा मोठ्या गोठ्यावर दूध काढायची. दिवस राहिल्यावर मालकाने तिला हाकलून दिलं होतं. लग्न झालेलं नव्हतं, आणि कळा सुरू झाल्या होत्या. त्या काळचा कायदा असा होता, की लग्नाविना झालेलं मूल ज्या गावाच्या हद्दीत जन्मेल, त्या गावाने ते पोसायचं. गोरगरिबांची व्यवस्था बघणारा जोसाया क्रेक नावाचा आमचा कारभारी मोठा देवभक्त माणूस. त्याने तिला अर्धा पाव दिला आणि दोन गड्यांकरवी कुंपणापलीकडे नेऊन सोडलं. त्यातला एक माझ्या आजोबांचा पणजोबा. मी हे लपवत नाही.

ती चालत ओढ्याशी गेली. तिथे ओढा ओलांडायला टाकलेल्या फळीवर डॅमर्बीचे लोक उभे होते.

"मागे फिर," ते म्हणाले. "ही होल्टविकची जमीन. दरवर्षी तेच बोंबलत असतात."

आमच्या बाजूने क्रेक म्हणाला, "कुरण डॅमर्बीचंच. कुंपणापलीकडे आमचं काही नाही, मी शपथेवर सांगतो."

त्यांच्या कारभाऱ्यानेही शपथ घेतली. दोन्हीकडचे पाद्रीबाबा आले होते, त्यांनी दोन्ही शपथा लिहून घेतल्या. ज्या गवतासाठी दात पाडले, ते एका सकाळीत कोणालाच नको झालं.

बाई तेवढंच म्हणत होती म्हणे, "गोठा असला तरी चालेल. छप्पर असलं की झालं." मग ती गवतातच बसली.

हेस्टर लॅम ही आमची सुईण. ती फडकी आणि कढत पाणी घेऊन कुंपणाशी आली. क्रेकने तिला अडवलं. होल्टविकच्या सुईणीने हात लावला, तर बाई होल्टविकची ठरेल, असं त्याचं म्हणणं. हेस्टर थांबली. पाणी गार झालं, तिने घरी जाऊन पुन्हा तापवून आणलं, आणि पुन्हा थांबली. संध्याकाळी लोक जेवायला पांगले तेव्हा ती कुंपण ओलांडून गेली. मूल गेलेलं होतं. आई तिच्या देखत गेली.

दफनालाही दोन्ही चर्चनी कानावर हात ठेवले. हेस्टरने दुसऱ्या दिवशी कुरणातच खड्डा खणला आणि दोघांना एकत्र पुरलं.

जूनमध्ये गवत कापणीला आलं, तशी दोन्ही गावं विळे घेऊन हजर. हेस्टर मध्ये उभी राहिली.

"गवत कोणाचं?" तिने विचारलं. "ज्यांचं असेल त्यांनी कापावं. पण आधी त्या दोघांना आपल्या चर्चच्या आवारात न्यावं. कारण मग ती तुमच्याच हद्दीत मेली."

कोणी विळा उचलला नाही. पुढे कोणी चोरून कापलं की ते गवत सकाळपर्यंत काळं पडायचं, असं म्हातारी माणसं सांगत. मला विचाराल तर काळं काही पडलं नसेल. ते घरी न्यायची लाज वाटली असेल, आणि लाज वाटली असं सांगायचीही लाज. हेस्टरने मात्र त्यानंतर एकही बाळंतपण केलं नाही. आधीच का गेले नाही, एवढंच ती मरेपर्यंत विचारत राहिली.

आजही जूनच्या पहिल्या सोमवारी दोन्ही गावांचे लोक विळे घेऊन काठाशी येतात, घटकाभर उभे राहतात आणि न कापता परत जातात. आता त्या दिवशी केक विकतात, बँड असतो. सहा वर्षांपूर्वी मी माझ्या पैशांनी एक दगड घडवून घेतला. नाव ठाऊक नाही, म्हणून 'एक आई आणि तिचं बाळ' एवढंच कोरलं. कुरणात बसवायची परवानगी दोन्ही गावांच्या पंचायतींकडे मागितली. दोघांची उत्तरं आली, अतिशय नम्र. सदर कुरण आमच्या हद्दीत येत नाही, कृपया शेजारच्या गावाकडे विचारणा करावी. तेव्हापासून दगड माझ्या परसात आडवा पडून आहे. तुम्ही चहाचे कप ठेवलेत, तो तोच.