मांजरीची पाठ

चित्रं कागदावरून उठून पडद्यावर नुकती चालू लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. कागदावरची मांजरी म्हाताऱ्या पेन्सिलीला म्हणाली, "मावशी, उद्या मला यंत्रात गोल फिरवणार आहेत. माझी पाठ काढ ना! नाहीतर तिथे काय येईल, कुणास ठाऊक."

"गप गं! जन्मभर मी समोरूनच चित्रं काढली. पाठ कोण बघतंय? आजकालच्या पोरींची नुसती थेरं!" पेन्सिल डबीत जाऊन पडली.

दुसऱ्या दिवशी मांजरी पडद्यावर हळूहळू वळली. यंत्राला पाठ सापडली नव्हती, म्हणून त्याने मागेही समोरचंच तोंड बसवलं होतं.

"मावशी," ते तोंड थंडपणे म्हणालं, "मला कुणी काढलं?"

मागे कोण बोललं ते बघायला मांजरी वळली, आणि ती अजून वळतेच आहे.