बेहड्याच्या ढोलीचा निवाडा

मुलांनो, सह्याद्रीच्या कुशीतल्या एका रानात न्यायनिवाड्याचे काम एका म्हाताऱ्या गव्याकडे होते. गवा मनाने सरळ, पण कामाला फार संथ. दोन्ही बाजू ऐकून झाल्या की तो पाणवठ्यावरच्या जांभळीच्या सावलीत बसून रवंथ करी, आणि रवंथ संपल्याखेरीज निकाल देत नसे. घाईत दिलेला निकाल कच्चा राहतो, असे त्याचे म्हणणे. रानालाही ही रीत पटली होती, कारण आजवर त्याचा एकही निकाल फिरवावा लागला नव्हता.

त्या रानाचा एक जुना नियम होता. घरट्याकडे चारा घेऊन निघालेल्या पक्ष्याला कुणी हात लावायचा नाही, मग भूक कितीही लागो. एका पहाटे उदमांजराने हा नियम मोडला. चोचीत उंबर धरून निघालेल्या धनेशावर त्याने झडप घातली आणि त्याला खाऊन टाकले. आता धनेश पक्ष्यांची रीत तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. मादी झाडाच्या ढोलीत शिरते, ढोलीचे तोंड लिंपून घेते आणि चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. आत तिची पिसे झडतात, तिला उडता येत नाही. पिल्ले मोठी होईपर्यंत नराने आणलेल्या फळांवरच सगळे घर जगते. मेलेला धनेश बेहड्याच्या ढोलीकडे निघाला होता.

उदमांजराला गव्यापुढे उभे केले. भर दुपारच्या उन्हात ते डोळे मिचकावत होते. "भूक लागली होती," एवढेच ते म्हणाले. गुन्हा कबूल होता, प्रश्न फक्त शिक्षेचा होता. गव्याला वाटले, काम सोपे आहे. तिथेच तो फसला.

रानातल्या पडक्या देवळाच्या कुंडात राहणारे कासव पुढे आले. "ज्याने जीव दिला, त्यालाच तो घेण्याचा अधिकार," ते म्हणाले. "याच्या पापाचं फळ देव याला देईल. आपण याला इजा केली, तर ते पाप आपल्या माथी येईल. याने कुंडात स्नान करावं, उपास करावे. पश्चात्ताप झाला की झालं."

रानकुत्र्यांचा म्होरक्या उठला. "कासवदादा, देव आहे की नाही ते मला माहीत नाही. नियम आहे, तो मला माहीत आहे. याचा पंजा मोडा आणि रानाबाहेर हाकला, म्हणजे दुसऱ्या कुणाची हिंमत होणार नाही. पश्चात्ताप पोटात झाला की नाही, हे बघायला कोण जाणार?"

"आणि पंजा मोडल्यावर याचं मन सुधारेल?"

"मन सुधारणं हे माझं काम नाही."

दोघांचेही गव्याला पटत होते, आणि हीच त्याची पंचाईत होती. रवंथ चालू राहिला. संध्याकाळ झाली, दुसरा दिवस उजाडला, तोही कलला. अवघे रान पाणवठ्यावर जमून वाद ऐकत होते. कुणी क्षमेच्या बाजूचे झाले, कुणी शिक्षेच्या. वाद चांगलाच रंगला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी गव्याची पाठ खाजू लागली, म्हणून तो जवळच्या एका झाडाला अंग घासायला गेला. झाड हलले आणि वरून क्षीण आवाज आला, "आलात? किती उशीर केलात."

गव्याने वर पाहिले. ते झाड बेहड्याचे होते. फटीतून एक चोच बाहेर आली होती आणि फळाची वाट पाहत उघडी राहिली होती. गव्याच्या तोंडातला घास तसाच राहिला. अवघे रान दोन दिवस उदमांजराविषयी बोलत होते, आणि हिला काय झाले एवढे सांगायलाही कुणी आले नव्हते. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

रवंथ अर्धा टाकून तो पाणवठ्यावर परतला. रानाने हे प्रथमच पाहिले. "उदमांजरा," तो म्हणाला, "पिल्लं उडेपर्यंत त्या ढोलीत रोज फळं तू पोचवायचीस. तोंडात फळ धरून त्या खोडावर चढणं तुला जमतं. म्होरक्या, तू खाली पहारा कर."

"ही शिक्षा झाली की चाकरी?" म्होरक्याने विचारले.

"तू शिक्षा म्हण, कासवदादांना प्रायश्चित्त म्हणू दे. फळ पोचलं पाहिजे."

उदमांजर खाली मान घालून म्हणाले, "तिनं विचारलं, तू कोण, तर काय सांगू?"

"खरं सांग."

उंबर तोंडात धरून उदमांजर बेहड्यावर चढले, फळ फटीपाशी टेकवले आणि सगळे सांगितले. चोच आत गेली. मग आत एक पिल्लू बारीक ओरडले, आणि चोच पुन्हा बाहेर आली. तिने फळ घेतले. उदमांजर रोज फळ घेऊन येत राहिले.

उंबरांचा बहर सरता सरता ढोलीचे लिंपण फुटले. दोन पिल्ले उडाली, मागून त्यांची आई बाहेर आली. उदमांजर खालच्या फांदीवर मान खाली घालून बसले होते. कासवाला वाटले, ती क्षमा करील. म्होरक्याला वाटले, टोचून काढील. तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही. ती थेट गव्यासमोर उतरली.

"पिल्लं तीन होती," ती म्हणाली. "धाकटं त्या दोन दिवसांत भुकेनं गेलं. त्याचा निवाडा कोण करणार?"

त्यानंतरही गवा निवाडे करीत राहिला आणि रवंथही करीत राहिला. पण कुणी तक्रार घेऊन आले की आधी उठून ज्याचे नुकसान झाले त्याच्या दारी जाई. तो परत येईपर्यंत कासवाने आणि म्होरक्याने तोंड उघडायचे नाही, असा रानात नवा नियम झाला.

तात्पर्य : अपराध्याला शिक्षा करावी की क्षमा, हा विचार जरूर करावा, पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याकडे आधी जावे. तिथे केलेला उशीर हाही अपराधच असतो.